क्वार्टरातला धम्म

मध्य भारतातल्या कितीतरी बौद्ध घरांत बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाची जी प्रत असते, ती ना मुंबईत छापलेली असते ना नागपुरात. ती तैवानात, तैपेईला छापलेली असते. तिथल्या बुद्ध एज्युकेशनल फाउंडेशनने हा ग्रंथ छापून फुकट वाटला. प्रत विकू नये, अशी सूचना तिच्यावर असते आणि किमतीचा आकडा नसतो. कुणी नागपूरच्या दीक्षाभूमीवरून आणलेली, कुणाला विहारातून मिळालेली ही प्रत जबलपूरच्या रांझी-खमरियाच्या क्वार्टरांत बुद्धमूर्तीशेजारी, पांढऱ्या रुमालात गुंडाळून ठेवलेली दिसते. रोज कुणी ती उघडत नाही. पण घर बदलताना आधी हलवायच्या सामानात ती असते.

या संग्रहाचा विषय तैवान नाही. जबलपूर आणि भोवतालच्या मराठी बौद्ध कुटुंबांची श्रद्धा रोजच्या जगण्यात कशी दिसते, हा आहे. त्यांची वंदना, लग्ने, मर्तिके, मुलांची नावे, गाणी, टीव्ही, दसऱ्याची रजा आणि आपसातली भांडणे. तरीही तैवानचा उल्लेख सुरुवातीला केला, कारण आपल्याकडे काय घडले हे नीट कळायला तिथे काय घडले याचा उपयोग होतो.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चीनमध्ये तायशू (१८९०–१९४७) नावाचे एक भिक्षू होते. बौद्ध धर्म मेलेल्यांच्या क्रियाकर्मात आणि भुताखेतांच्या शांतीत अडकला आहे, तो जिवंत माणसांच्या कामाचा झाला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्या परंपरेतले यिनशुन (१९०६–२००५) पुढे तैवानात स्थायिक झाले आणि त्यांनी या विचाराला शास्त्राचा आधार दिला. १९४९ च्या सुमारास चीनमधून तिथे गेलेल्या तरुण भिक्षूंपैकी शिंग युन यांनी १९५० च्या दशकात यिलान गावी तरुणांचे गायनपथक काढले, बुद्धाची गाणी बसवली आणि १९६७ मध्ये फो क्वांग शान हा मठ स्थापला. त्याच्या एकच वर्ष आधी ह्वालिएन गावात चंग येन या भिक्षुणीने तीस गृहिणींना घेऊन त्सू ची ही संस्था सुरू केली. बाजाराला निघण्याआधी प्रत्येकीने बांबूच्या नळकांड्यात रोज पन्नास सेंट टाकायचे, एवढेच भांडवल. आज त्सू चीची इस्पितळे आहेत, १९९८ पासून स्वतःची दूरचित्रवाहिनी आहे आणि भूकंप झाला की तिचे निळे सदरे तिथे दिसतात. शंग येन यांनी स्थापलेला धर्मढोल पर्वत ध्यानासाठी नावाजला, तर चुंग ताय शानचे २००१ मधले भव्य मंदिर तैपेई १०१ हा मनोरा आखणाऱ्या वास्तुविशारदानेच आखले. या चार संस्थांना तिथे ‘चार डोंगर’ म्हणतात. १९८७ मध्ये लष्करी कायदा उठल्यावर त्या झपाट्याने पसरल्या, आणि त्यांच्या संन्याशांत पुरुषांपेक्षा बायका कितीतरी जास्त आहेत.

धर्म जिवंत माणसांचा हवा, ही तायशूंची मागणी आपल्याला अगदी ओळखीची वाटते. बाबासाहेबांच्या ग्रंथातही भिक्षूला प्रश्न विचारला आहे: तू स्वतःच्या मुक्तीपुरता आहेस की समाजाचा सेवक आहेस? बुद्धाने घर सोडले ते म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून नव्हे, तर शाक्य आणि कोलियांच्या पाण्याच्या तंट्यात युद्धाला नकार दिल्यामुळे, असे बाबासाहेबांनी मांडले. मूळ रोख सारखाच. फरक पडला तो वाहून नेणाऱ्यांत. तैवानात हा विचार डोंगरांनी वाहिला. आपल्याकडे डोंगर नव्हता. आपल्याकडे छावणी होती, कारखाना होता, रेल्वेची चाळ होती. मराठी बौद्ध धर्म हा मठाशिवाय उभा राहिलेला धर्म आहे. पाळीवरून आलेल्या माणसांनी आणि त्यांच्या बायकांनी तो उभा केला, असे माझे मत आहे आणि हा संग्रह त्या मताभोवती रचला आहे.

छावणीचा धागा जुना आहे. बाबासाहेबांचा जन्म १८९१ चा, महूच्या छावणीतला. वडील सुभेदार रामजी लष्करी शाळेत शिक्षक. महार रेजिमेंटचे केंद्र आजही सागरला, म्हणजे जबलपूरच्या शेजारच्याच जिल्ह्यापलीकडे आहे. १९५६ च्या धम्मदीक्षेच्या जवळजवळ दोन वर्षे आधी, २५ डिसेंबर १९५४ रोजी, बाबासाहेबांनी रंगूनहून आणलेली बुद्धमूर्ती बसवली ती कुठल्या तीर्थाला नव्हे. ती बसवली पुण्याजवळच्या देहूरोडला, लष्करी डेपोंच्या वसाहतीत. जबलपूर तर अशा वसाहतींचेच शहर. गन कॅरेज फॅक्टरी १९०४ ची, खमरियाची आयुधनिर्माणी १९४२ ची, एकेकाळी शक्तिमान ट्रक बनवणारी व्हेइकल फॅक्टरी १९६९ ची. इथून गोंदियाला जाणारी तेव्हाची छोटी लाइन विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. भंडारा, बालाघाट, गोंदियाकडची माणसे तिच्यावरूनच इकडे सरकली. कारखान्याच्या नोकरीने त्यांना गावच्या पाटलापासून सोडवले, ठरलेला पगार दिला, आणि शेजारी कोण राहतो हे ज्यात जात ठरवत नाही असे क्वार्टर दिले. निदान कागदावर तरी ठरवत नाही.

आणखी एक योगायोग इथल्या लोकांनाही फारसा आठवत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षा झाली, तेव्हा नागपूर ही मध्य प्रदेशाचीच राजधानी होती. जबलपूरचा माणूस दीक्षेला गेला तो परराज्यात गेला नाही, स्वतःच्या राजधानीत गेला. त्यानंतर अठराच दिवसांनी, १ नोव्हेंबरला, राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, जबलपूर नव्या मध्य प्रदेशात राहिले आणि उच्च न्यायालय नागपूरहून इकडे आले. एकाच दसऱ्याला एकाच मैदानावर बौद्ध झालेली माणसे अठरा दिवसांत दोन राज्यांत वाटली गेली. पुढे महाराष्ट्रातल्या बौद्धांना मराठी शाळा, मराठी वर्तमानपत्र आणि मराठी राजकारण मिळाले. इकडच्यांना मिळाली हिंदी. या पुस्तकातल्या जवळजवळ प्रत्येक हकिकतीच्या तळाशी ही फाळणी आहे.

इथे एका मोहाबद्दल बोलले पाहिजे. जबलपूरच्या परिसराला बौद्ध इतिहास आहे आणि तो भरभक्कम आहे. बहोरीबंदजवळच्या रूपनाथला, पूर्वीच्या जबलपूर आणि आताच्या कटनी जिल्ह्यात, अशोकाचा लघुशिलालेख आहे. त्यात सम्राट सांगतो की आपण अडीच वर्षांहून अधिक काळ उपासक आहोत, पण सुरुवातीला फारसा उत्साह दाखवला नाही. संघाच्या सहवासात आल्यावर मात्र नेटाने प्रयत्न केले. राजाने इतक्या मोकळेपणाने आपला आळस दगडावर कोरून ठेवल्याचे दुसरे उदाहरण मला माहीत नाही. लेखाशेजारी आता शंकराचे ठाणे आहे आणि कुंडांना राम, लक्ष्मण, सीता यांची नावे आहेत. तेवरला, म्हणजे कलचुरींच्या त्रिपुरीत, आणि भेडाघाटाजवळच्या गोपाळपूरला बोधिसत्त्व आणि तारेच्या मूर्ती मिळाल्या. राखालदास बॅनर्जींच्या १९३१ च्या ग्रंथात त्यांची नोंद आहे. कलचुरी राजा कर्णाच्या काळातला, इ.स. १०५८ चा सारनाथचा एक लेख वा. वि. मिराशींनी संपादलेल्या कलचुरी लेखसंग्रहात वाचायला मिळतो. मामका नावाच्या एका महायानी उपासिकेने प्रज्ञापारमितेची पोथी लिहवून घेऊन तिथल्या भिक्षूंना दिली, असे तो सांगतो. ग्रंथ लिहवून फुकट देणारी ही बाई तैपेईच्या त्या संस्थेची पूर्वजच म्हणायची.

हे सगळे वाचले की वंशावळ जोडावीशी वाटते: अशोक, मामका, मग आपण. विहारांतल्या भाषणांत ती जोडलीही जाते. मला ती पटत नाही. मामका आणि रांझी यांच्यामध्ये आठ-नऊशे वर्षांची पोकळी आहे आणि ती श्रद्धेने भरत नाही. शिवाय ती भरण्याची गरजही नाही. १९५६ मध्ये जे घडले ते नवे होते, आणि नवे होते म्हणूनच त्याचे मोल आहे.

मराठीत त्याची पूर्वतयारी मात्र बरीच आधी सुरू झाली होती. कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी १८९८ मध्ये मराठीत बुद्धचरित्र लिहिले. मॅट्रिक झालेल्या भीमरावाला सत्कारसभेत त्यांनी आपले हेच पुस्तक भेट दिले. गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी घर सोडून नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेश फिरले, पाली शिकले, आणि ‘भगवान बुद्ध’ (१९४०) लिहून त्यांनी मराठी वाचकाला चमत्कारांपलीकडचा बुद्ध दाखवला. परळला बहुजन विहार उभारून पाली अभ्यासकाने कामगार वस्तीत राहायचे असते, हेही दाखवले. तरीही केळुसकर-कोसंबींचा बुद्ध वाचनालयातला राहिला. तो घरात आला दीक्षेने.

दीक्षेच्या दिवशी एक गोष्ट अशी झाली की तिचे पुरते आकलन अजून झालेले नाही. कुशीनाराचे भदंत चंद्रमणी महास्थविर यांनी बाबासाहेबांना आणि त्यांच्या पत्नी माईसाहेबांना दीक्षा दिली, आणि त्यानंतर मैदानातल्या लाखो लोकांना दीक्षा दिली ती बाबासाहेबांनी स्वतः. एका गृहस्थाने. चीवर नाही, मुंडन नाही. पांढरा पोशाख घातलेल्या एका वकिलाने. वर बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत काय करायचे नाही हे अगदी स्पष्ट होते: अवतार नाहीत, श्राद्ध-पिंडदान नाही, दारू नाही. तैवानात बौद्धपण ताटात दिसते, शाकाहारी खाणावळींची रेलचेल आहे. आपल्याकडे ताटाला कुणी हात लावला नाही. नियम झाला तो बाटलीला. तो किती पाळला जातो यावर या संग्रहातल्या बायका पुरुषांपेक्षा जास्त मोकळेपणी बोलतात.

दीक्षेनंतर ५३ दिवसांनी बाबासाहेब गेले. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ तेव्हा छापूनही झाला नव्हता. तो आला १९५७ मध्ये. घरातले देव नदीत सोडलेले, आणि पुढे काय करायचे हे सांगणारा माणूस नाही, अशी लाखो घरांची स्थिती होती. लग्न कसे लावायचे? मूल झाले तर? माणूस गेला तर दहाव्याला काय? भिक्षू बोटांवर मोजण्याइतके, आणि तेही बहुतेक मराठी न जाणणारे. बाबासाहेबांनी १९५५ मध्येच स्थापलेल्या भारतीय बौद्ध महासभेने इथे मोठे काम केले. तिने बौद्धाचार्य तयार केले, म्हणजे विधी लावू शकणारे संसारी कार्यकर्ते. दिवसा लेथ मशीनवर असणारा माणूस रविवारी पांढरा सदरा घालून मंगल परिणय लावू लागला. बुद्ध आणि बाबासाहेब यांच्या तसबिरींसमोर त्रिसरण-पंचशील, वधू-वरांच्या प्रतिज्ञा, जयमंगल अष्टगाथा, फुले. अर्ध्या तासात लग्न. मर्तिकाला पुण्यानुमोदन आणि जलदान विधी आले. मुलांची नावे बदलली. सिद्धार्थ, मिलिंद, राहुल, सुजाता, संघमित्रा, प्रज्ञा या नावांची हजेरी वर्गात सुरू झाली. ‘दगडू’ आणि ‘कचरू’ एका पिढीत संपले. मला विचाराल तर या धर्मांतराचे सर्वांत टिकाऊ काम शाळेच्या हजेरीपटावर झाले.

जनगणनेचे आकडे हा बदल दाखवतात, पण अर्धाच. आजच्या महाराष्ट्राच्या भूभागात १९५१ मध्ये अडीच हजार बौद्ध नोंदले होते. १९६१ मध्ये सुमारे २७ लाख ९० हजार. २०११ मध्ये देशात ८४ लाख ४० हजारांच्या आसपास आणि त्यांतले ६५ लाखांहून अधिक महाराष्ट्रात. मध्य प्रदेशात सुमारे २ लाख १६ हजार. हा शेवटचा आकडा वाचताना एक सरकारी कारण लक्षात ठेवावे. केंद्राने बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती दिल्या त्या १९९० मध्ये. त्याआधीची ३४ वर्षे केंद्र सरकारच्या कारखान्यात राखीव जागेवर लागायचे, तर कागदावर ‘हिंदू’ राहावे लागे. घरात पंचशील आणि सर्व्हिस बुकात हिंदू महार, अशी दुहेरी नोंद या वस्त्यांत सर्रास होती. तिला ढोंग म्हणणाऱ्यांनी महिन्याच्या पगारावर सहा तोंडे कधी भरलेली नसतात.

आता या क्षेत्रातले प्रवाह, नव्या वाचकासाठी थोडक्यात. पहिला महासभेचा, ज्याचा उल्लेख वर आला: विधी, प्रतिज्ञा, श्रामणेर शिबिरे, शाखा. दुसरा भिक्षुसंघाचा. पंजाबात जन्मलेले भदंत आनंद कौसल्यायन नागपुरात राहिले आणि त्यांनी बाबासाहेबांचा ग्रंथ हिंदीत आणला. जपानहून आलेले भदंत सुरेई ससाई नागपूरचेच झाले, बोधगयेच्या महाबोधी विहाराच्या मुक्तीसाठी लढले. तिसरा प्रवाह इंग्रज भिक्षू संघरक्षितांपासून निघालेला. बाबासाहेब गेले त्या ६ डिसेंबरला ते नागपुरातच होते आणि त्या सैरभैर दिवसांत त्यांनी वस्त्यावस्त्यांत भाषणे केली. त्रैलोक्य बौद्ध महासंघ पुढे त्यांच्या शिष्यांनी आणला, आणि नागपूरच्या नागलोकात त्यांचा उभा, चालणारा बुद्ध आहे. डोळे मिटून बसलेल्या बुद्धापेक्षा तो मराठी बौद्धांना जवळचा वाटतो, यात नवल नाही. चौथा गोएंका गुरुजींच्या विपश्यनेचा; इगतपुरीचे केंद्र १९७६ चे, गोराईचा पॅगोडा २००९ चा. पाचवा प्रवाह विहारात फारसा जात नाही. तो दलित पँथर (१९७२), साहित्य आणि चळवळ यांतून आला, आणि त्याच्या लेखी बुद्ध हा आधी बंडखोर आहे.

या प्रवाहांत गोडीगुलाबी आहे असे समजू नये. डोळे मिटून श्वास पाहिल्याने अत्याचार थांबतो का, हा प्रश्न विपश्यनेला नेहमी विचारला जातो. उलट, मोर्चाहून घरी येऊन बायकोवर ओरडणारा बौद्ध कसा, हा प्रश्न ध्यानवाले विचारतात. दोन्ही प्रश्न खरे आहेत. जपानच्या ओगावा सोसायटीच्या मदतीने कामठीला १९९९ मध्ये उभे राहिलेले ड्रॅगन पॅलेस काहींना अभिमानाचे, काहींना सहलीचे ठिकाण वाटते. आणि एक वाद घरातला आहे: बाबासाहेबांच्या तसबिरीला उदबत्ती ओवाळायची की नुसते वंदन करायचे? माझी सहानुभूती ओवाळणाऱ्या आजीकडे आहे. तिने आयुष्यात एकदाच देव बदलले आणि तेही बाबांनी सांगितले म्हणून. हात ज्या सवयीने वर जातो ती सवय प्रतिज्ञेने सुटत नाही.

पण या सगळ्या प्रवाहांपेक्षा खोल गेले ते गाणे. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्यांनी तमाशाचा साचा घेऊन आंबेडकरी जलसे काढले. गणाच्या जागी वंदन आले, गवळण गेली, बतावणीत सावकार आणि भटजी आले. नाशिक जिल्ह्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) मोठेपणी अक्षरे शिकले आणि पुढची पन्नासेक वर्षे गावोगाव गात हिंडले. पेटी, ढोलकी, रात्रीचा मंडप, दोन पार्ट्यांचा कव्वालीचा सामना; एकाने प्रश्न टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातून उत्तर द्यायचे, आणि उत्तर चुकले तर मंडपातला हमाल उभा राहून चूक सांगायचा. ज्यांनी ग्रंथ वाचला नाही त्यांना धम्म इथे कळला. पुढे कॅसेट आली. प्रल्हाद शिंदे विठ्ठलाची भक्तिगीते ज्या गळ्याने गात त्याच गळ्याने भीमगीतेही गात, आणि ऐकणाऱ्यांना त्यात काही विसंगत वाटत नसे. विठ्ठल उमप शाहिरीपासून मराठी चित्रपटापर्यंत गेले. २६ नोव्हेंबर २०१० रोजी दीक्षाभूमीवरच्या कार्यक्रमातच त्यांचा शेवट झाला. आज एकतारीवर गाणाऱ्या कडूबाई खरात मोबाइलवर ऐकल्या जातात आणि १४ एप्रिलच्या मिरवणुकीत डीजेवर आदर्श शिंदे वाजतो.

डीजेबद्दल नाके मुरडणारे पुष्कळ आहेत, त्यांत आमच्यातलेही आहेत. कर्कश आवाजाचे समर्थन मी करणार नाही. पण जबलपुरात पाहण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. हिंदी शाळेत शिकलेला, मराठी वाचता न येणारा, आजीशीही हिंदीत बोलणारा मुलगा मिरवणुकीत अख्खे मराठी भीमगीत शब्दनशब्द म्हणतो. विचारले तर दोन ओळींचा अर्थ सांगेल, तिसरीला अडेल. त्याच्या आयुष्यातली मराठी तेवढीच उरली आहे. वंदना पालीत, ग्रंथ हिंदीत, शिव्या आणि गाणी मराठीत, अशी विभागणी इथल्या बहुतेक घरांत झाली आहे. दत्तमंदिर आणि महाराष्ट्र शाळा सांभाळणारा या शहरातला जुना मराठी समाज आपली भाषा वाचवण्याच्या सभा घेतो. त्या सभांच्या यादीत भीमगीत गाणाऱ्या या पोराचे नाव कधी नसते. हे लिहून ठेवायला हवे होते म्हणून लिहिले.

गाण्याइतकेच मोठे काम वर्षावासाने केले, आणि ते जवळजवळ पूर्णपणे बायकांचे आहे. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत विहारात ग्रंथवाचन चालते. दुपारची भांडी झाली की बायका पांढरी साडी नेसून जमतात. चौरंगावर पांढरे कापड, मूर्ती, दोन मेणबत्त्या, पितळी पेल्यात पिंपळाची डहाळी. वंदना झाली की एकजण ग्रंथ उघडते. प्रत हिंदी, आवाजाची चढउतार पोथी वाचणाऱ्या आजीची. अवघड शब्द आला की ती थांबते, चष्मा वर करते आणि वऱ्हाडी-झाडी मिसळलेल्या मराठीत सांगते, ‘म्हणजे असं बघ बाई...’ आणि मग उदाहरण येते ते तिच्या जावेचे, किंवा कॅन्टीनच्या रांगेचे. शाक्य-कोलियांच्या पाण्याच्या तंट्याला नळावरचे भांडण लगेच सापडते. अर्ध्या जणी हसतात. वाचणारी पुन्हा ओळीवर बोट ठेवते. शेवटच्या पौर्णिमेला खीर होते आणि ग्रंथ पूर्ण केलेल्या बाईचे विहारात पुष्प देऊन स्वागत होते. यांतल्या काही जणी आयुष्यात एवढे एकच जाड पुस्तक अथपासून इतिपर्यंत वाचतात, पण दरवर्षी वाचतात. विद्यापीठातल्या किती अभ्यासकांना असे म्हणता येईल?

बेबी कांबळे, कुमुद पावडे, ऊर्मिला पवार यांच्या आत्मकथनांनी दीक्षेच्या काळातल्या बायका मराठी साहित्यात आणल्या. पवार आणि मीनाक्षी मून यांच्या ‘आम्हीही इतिहास घडवला’ने त्यांचे चळवळीतले काम नोंदले. एलिनॉर झेलियट आणि गेल ऑमव्हेट यांनी जगाला हा विषय समजावला. पडद्यावर मात्र उशीर झाला. गावकुसाची वेदना मराठी चित्रपटात बरीच आधी आली, पण बौद्ध घराचा आनंद दिसायला नागराज मंजुळेंच्या ‘झुंड’मधली (२०२२) नागपूरची जयंती आणि नीरज घायवान यांनी ‘मेड इन हेवन’मध्ये (२०२३) दाखवलेले बौद्ध लग्न यावे लागले. त्या लग्नाचा भाग आला त्या आठवड्यात इकडच्या घरांत तो मोबाइलवर एकमेकांना दाखवला गेला. बायकांची पहिली प्रतिक्रिया साडीबद्दल होती, दुसरी ‘आपल्यासारखंच आहे की’ ही.

जबलपूरच्या बौद्धांचे शेजारी कोण, हेही वाचकाने ध्यानात ठेवावे. हे नर्मदेचे शहर आहे. ग्वारीघाटावर रोज आरती, नर्मदा जयंतीला रस्तोरस्ती भंडारे. नदीकाठी राहून तिची आरती न करणे इथे नागपूरपेक्षा अवघड आहे. दसरा तर या शहराचा मोठा उत्सव, दुर्गामंडपांनी रस्ते तुंबलेले. नेमक्या त्याच दिवसांत शेकडो कुटुंबे पोळी-भाजीचे डबे बांधून नागपूरची गाडी पकडतात. शहराला हे निघून जाणे दिसतही नाही. जबलपुरात बुद्धाबद्दल सर्वांत जास्त बोललेला माणूस रजनीश. इथल्याच महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवणारा. त्यांचा बुद्ध आणि रांझीचा बुद्ध यांची गाठ पडली नाही. एकाला व्याख्यानाचे श्रोते होते, दुसऱ्याला पाळी सुटण्याची वाट पाहावी लागे.

हे सारे आत्ताच लिहून काढण्याची घाई का? १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुधनिर्माण्यांच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. बाप गेला की पोरगा लागला, हा क्रम त्याआधीच आटत आला होता. या घरांतली शिकलेली मुले पुणे, बंगळूर, हैदराबादला आहेत. क्वार्टर रिकामी होत आहेत, आणि क्वार्टरांबरोबर तिथले विहार, त्यांची वहीतली हिशेबपत्रके, वर्षावासाच्या याद्या. दीक्षाभूमीवर प्रत्यक्ष उभी राहिलेली माणसे नव्वदीच्या घरात आहेत. दुसरीकडे पुण्यातल्या फ्लॅटमध्ये एकट्या राहणाऱ्या मुलीला वंदना मोबाइलवर लागते आणि ध्यानाचे ॲप इंग्रजीत बुद्ध समजावते. तो बुद्ध शांत झोप लागावी म्हणून आहे. तिच्या आजीचा बुद्ध जागे राहण्यासाठी होता. नातीला दोन्ही हवे आहेत असे तिच्या या संग्रहातल्या लेखातून दिसते, आणि तिला त्यात अवघड वाटत नाही. मला वाटते, हा भाग तरुणांनी जास्त लक्ष देऊन वाचावा, म्हाताऱ्यांनी कमी रागाने.

पुस्तकात मुलाखती आहेत, आठवणी आहेत, काही लेख आहेत. बौद्धाचार्य, वर्षावासात वाचणाऱ्या बायका, कव्वालीच्या पार्टीत ढोलकी वाजवणारे, बौद्ध घरात लग्न होऊन आलेली हिंदू सून, आणि विहारात कधीच न जाणारा पण १४ एप्रिलला रजा टाकणारा इंजिनिअर, असे सगळे त्यात बोलतात. कुणाची भाषा आम्ही शुद्ध केली नाही. ‘हम लोग तब छोटे होते, बाबा नागपूरला गेले’ असे एका वाक्यात दोन भाषांत कुणी सांगितले, तर तसेच छापले. पाली शब्दांची रूपे ज्याने जशी उच्चारली तशी ठेवली. खाजगी माणसांची नावे मात्र बदलली. महासभेच्या दोन गटांतल्या वादावर दोन लेख आहेत, ते एकमेकांना खोडतात आणि आम्ही मध्ये पडलो नाही.

काय नाही, तेही सांगतो. तत्त्वज्ञानाची चर्चा इथे मिळणार नाही. तिच्यासाठी बाबासाहेबांचा ग्रंथ आणि कोसंबी आहेत. पक्षांचे राजकारण मुद्दाम टाळले आहे, ते दुसरीकडे भरपूर मिळते. बालाघाट, सिवनी, छिंदवाड्याच्या खेड्यांतले बौद्ध इथे फक्त पाहुणे म्हणून येतात. त्यांच्याकडे कारखाना नव्हता, क्वार्टर नव्हते, पगाराची तारीख नव्हती. त्यांनी शेतावरच्या मजुरीत, पाटलाच्या नजरेसमोर, पावसाळ्यात गळणाऱ्या विहारात हाच धम्म चालवला, आणि त्यांचे म्हणणे वेगळे निघेल. ते काम पुढच्या खंडासाठी ठेवले आहे. बालाघाटच्या मुलाखती सुरू झाल्या आहेत.